शिवम्माअक्काचं रणांगण

मी सोनपेठच्या एका घरातलं जुनं, कडुलिंबाचं दार आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी गोड बोलावं असं तुम्हाला वाटत असेल. मला ते जमणार नाही. मला अजून राग येतो.

आमचा गोठा पडला तेव्हा त्याच्या चौकटीतून काढून मला ओसरीत दोन पेट्यांवर आडवं टाकलं. घरमालक ईश्वरअप्पा, किराणा दुकानदार. त्यांचा मित्र चंद्रभान निजामाच्या फौजेतून परतला तो लढाईचा खेळ घेऊनच: मातीचे बोटभर शिपाई, आणि कवड्या टाकून त्यांच्या चाली. पण शिपायांना रणांगण कोण देणार? ते केलं शिवम्माअक्कानं, ईश्वरअप्पांच्या थोरल्या विधवा बहिणीनं.

पहिल्यांदा तिनं माझ्यावर नुसती काळी माती थापली. वाळली, तडकली, टेकड्यांची ढेकळं झाली. मग तिनं गढीची पांढरी माती चाळून आणली. त्यात शेण, भुसा आणि बाभळीच्या डिंकाचं पाणी कालवलं. गोणपाटाच्या बोळ्यांवर टेकड्या चढवल्या, बोटानं खंदक ओढले, जुन्या फणीनं शेतांत तासं पाडली. तुराट्यांची झाडं, गोदेच्या वाळूचा रस्ता. तळहातानं ती बुरूज घोटायची तेव्हा मला वाटायचं, मी आता लाकूड नाही, मुलूख आहे.

शेजारच्या मानवत गावचे व्यापारी बघायला येत. "काय हात हाय अप्पा तुमचा!"

ईश्वरअप्पा मिशीत हसत. "जमतंय आपलं थोडं."

आत चहा गाळणारी अक्का हे ऐकायची. चंद्रभान एकदा बोलला, "अप्पा, अक्काचं नाव सांगा की ह्यांना."

"बाईमाणसाचं नाव कशाला चारचौघांत?"

झालं. वर्षानुवर्षं तेच.

मग रझाकारांची धामधूम सुरू झाली. कुणीतरी चुगली केली, आणि अमीन, म्हणजे तेव्हाचा फौजदार, जवान घेऊन ओसरीत उभा राहिला. माझ्यावरचा बुरूज बघून त्याला वाटलं, इथं निजामाच्या करनाक्यावर हल्ला करायची तयारी चाललीय.

"ये कौन बनाया?"

 ईश्वरअप्पांच्या ज्या बोटाला कधी माती लागली नव्हती, ते बोट आतल्या खोलीकडे वळलं. "हुजूर, बहिणीनं. मला तर ठाऊकबी न्हाई."

अक्का पदर सावरत बाहेर आली. "हौ, म्याच केलं. खेळ हाय, साहेब. निस्ती माती हाय."

अमीन तिच्याकडे बघून फसकन हसला. "औरत का खेल!" जवानांनी बुटांनी सगळं उधळलं आणि ते गेले. तिला गुन्हेगारातसुद्धा धरलं नाही! त्या बुटांचा राग माझा कधीच निवला. बोटाचा निवत नाही.

निजामाचा अंमल गेला. ईश्वरअप्पा म्हणाले, "अक्का, आता भ्या न्हाई. परत बनीव की. लोकं इचारायलेत."

"कुणी बनिवलं म्हणून सांगशील?"

ते वहाणा घालून दुकानाकडे निघाले. अक्कानं मला खरवडलं, सुताराला बोलावलं आणि आपल्या खोलीला बसवून घेतलं. कडी आतून. माझ्याआड जमिनीवर तिनं नवं रणांगण मांडलंय, पहिल्यापेक्षा मोठं.

मित्रांनो, वस्तू जपा, असं सगळेच सांगतात. माझं सांगणं असं, ती कुणी केली ते विचारा, आणि चारचौघांत मोठ्यानं सांगा. नाहीतर तुमचं कौतुकही चोरीचंच.

परवा मानवतची मंडळी आली. ईश्वरअप्पांनी माझ्यावर थाप मारली. "अक्का, उघड की! पाव्हणे थांबलेत."

आतून आवाज आला, "कोण केलंय ते आधी त्यांना सांग. मग कडी काढते."

ईश्वरअप्पांनी पाव्हण्यांना परत ओसरीत नेलं.

मी बंदच आहे.