अर्धे घुबडाचे

आमच्या ह्यांनी कित्येक वर्षं घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या. दिवसभर विमा कंपनीत नोकरी आणि घरी आले की कॉम्प्युटर. ज्यांना दिसत नाही त्यांना पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा प्रोग्राम ह्यांनी लिहिलाय. कोणीही घ्यावा, वापरावा, हवा तसा बदलावा; दमडी द्यायची नाही. मी म्हणायचे, "जगाची सोय झाली, आपल्या वीजबिलाचं काय?"

मग एका संस्थेनं ह्या कामासाठी देणगी दिली. वर्षभराच्या पगाराएवढी! नोकरी सोडून वर्षभर हेच करता येणार होतं. मी तर मनातल्या मनात ह्यांचा राजीनामाही देऊन टाकला. आणि हे म्हणतात, "अर्धे घुबडाचे."

घुबड म्हणजे एक बाई. इंटरनेटवर हे नाव तिचं तिनंच घेतलेलं. मी ठेवलं असतं तर भांडण झालं असतं. तिला जन्मापासून दिसत नाही. प्रोग्राम कुठला शब्द चुकीचा उच्चारतो ते ती हुडकते आणि नुसतं कळवत नाही, स्वतः दुरुस्त करते. तीही फुकटच. दोघांची ओळख फक्त लिहिण्यातली.

"अर्ध्यात सहाच महिने निघतील. मग?"

"मग बघू."

"एकदाच विचारा. नको म्हणाली तर आग्रह करायचा नाही," मी बजावलं. असली माणसं मानी असतात, नको म्हणेलच, असा माझा होरा.

रविवारी सकाळी ह्यांनी फोन लावला, स्पीकरवर. मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत, कान टवकारून.

"नमस्कार," हे म्हणाले.

"एक मिनिट हं," बाई म्हणाली. "माझा कॉम्प्युटर मध्येच वाचायला लागलाय, त्याला गप्प करते." बटणांचा टकटकाट झाला. "हं, बोला."

"कशा आहात?"

"अगं बाई! बंद केला तरी बोलतोच आहे मेला!"

"अहो, तो नाही. मीच आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रोग्रामचा आवाज ह्यांचाच होता. दुसरा कोण फुकट देणार? कपाटात, टांगलेल्या कपड्यांत तोंड खुपसून ह्यांनी हजारो वाक्यं रेकॉर्ड केली होती आणि बाहेर कोणाला सांगितलं नव्हतं.

"तुम्ही?" ती म्हणाली. "मला दिवस गेल्याचा रिपोर्ट तुम्ही वाचलात. घरात कोणाला कळायच्या आधी. आता लेकीच्या गोष्टी तुम्हीच वाचता, मी ऐकते आणि तिला सांगते. नेहमी दुसऱ्याचं लिहिलेलं वाचता हो. आज पहिल्यांदा स्वतःचं काही बोललात."

घरात 'हं' आणि 'बघू' यांपलीकडे न जाणारा हा आवाज कुठल्या कुठे जाऊन काय काय सांगून आला होता! मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. एवढा मोठा माणूस माझ्या घरात राहतो, हे मला माहीतच नव्हतं.

ह्यांनी घसा खाकरून पैशांचं विचारलं. एकदाच.

"घेईन की. नको कशाला म्हणू?" ती म्हणाली. "पण उद्यापासून मला कामं नेमून द्यायची नाहीत. माझ्या कानाला खुपेल तेच मी दुरुस्त करणार."

"कबूल."

"आणि तुमच्या घरी चालेल ना?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. सहा महिने डोळ्यांदेखत चालले होते. मी मान डोलावली. पण नुसत्या मानेनं भागणार नव्हतं. तिला ऐकू जायला हवं होतं.

मी फोनजवळ वाकले आणि म्हणाले, "चालेल."