चौथ्यांदा घातलेली नळी

घड्याळजींनी नाकातली आहाराची नळी तिसऱ्यांदा उपसून काढली, तेव्हा नर्स असूनही माझा पारा चढला. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली होती, घोटभर पाणीही गिळता येत नव्हतं. डावा हात मात्र शाबूत, आणि तोही जन्मभर घड्याळं खोलणारा. नळी ओढू नये म्हणून त्यावर बांधलेला हातमोजा पठ्ठ्याने पलंगाच्या कठड्याला घासून घासून सोडवला होता.

डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, काकूंना, स्पष्टच सांगितलं. नळी तीन दिवस टिकली तर काकांना घरी न्या, नाहीतर शुश्रूषा केंद्रात ठेवावं लागेल. काकूंना नवरा घरीच हवा होता. 

चौथी नळीही मीच घातली. नाकापासून कानापर्यंत आणि तिथून पोटापर्यंत माप घेतलं, खूण केली, हनुवटी छातीला टेकवायला लावून हळूहळू सरकवली. पोटातलं पाणी ओढून ते आम्लच आहे ना हे कागदावर तपासलं, मग नाकाला पट्टी चिकटवली. आता हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे, असा दमही भरला. त्यांनी एक डोळा बारीक करून मला न्याहाळलं. बहुधा बिघडलेल्या घड्याळांकडे ते असेच बघत असावेत.

दुपारी एक वाजता मोठ्या सिरिंजमधून पातळ आहार सोडायला घेतला. काकू रोजच्यासारख्या उठून बाहेर गेल्या. काकांचा हात लगेच नाकाकडे निघाला. मी तो पकडला. मी रागावणार होते, पण हात झटापट करेना. त्याने काकूंच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या तोंडाकडे.

"काकू जेवल्या का, असं विचारताय?"

त्यांचे डोळे भरून आले. मला माझीच लाज वाटली.

आहार संपवून, नळीत पाणी सोडून मी बाहेर आले. काकू चादरींच्या कपाटाआड उभ्याने डब्यातले घास कसेबसे गिळत होत्या.

"त्यांच्यासमोर कशी खाऊ गं?" त्या म्हणाल्या. "त्यांना घोटही उतरत नाही."

"अहो, तुम्ही उपाशी राहताय असं वाटतंय त्यांना. म्हणून नळी काढतात."

काकूंचा घास हातातच राहिला. "दुकान बंद करून एक वाजता घरी यायचे," त्या म्हणाल्या. "माझं ताट वाढल्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत. आणि मी वेडी इथे लपून खातेय."

दुसऱ्या दिवशी एक वाजता काकू पलंगाला खेटून बसल्या आणि त्यांनी डबा उघडला. मी सिरिंज वर धरली. काकांचा हात उठला. पण तो नाकाला टाळून पुढे गेला आणि त्याने डबा काकूंकडे सरकवला.

नळी तीन दिवस टिकली. ते घरी जायला निघाले तेव्हा मी काकूंना सूचना लिहून दिल्या: डोकं उंच ठेवा, आधी खूण तपासा, शेवटी पाणी सोडा. खाली लिहिलं: समोर बसून जेवा. डॉक्टरांनी सही करण्याआधी कागद वाचला आणि त्यात एक शब्द वाढवला: पोटभर.