बाकावर बोललेलं

मित्रांनो, दवाखान्याच्या मागच्या पडवीत, मोडक्या खाटांच्या शेजारी एक लांब बाभळीचा बाक पडलाय ना, तो मी. आता माझ्यावर फिनेलचे डबे ठेवतात. माझा एक पाय कुजला, म्हणून त्याच्याखाली विटेचा तुकडा दिलाय. पण एक काळ असा होता, की या दवाखान्यातली सगळी माणसं रोज सकाळी माझ्यावर बसायची आणि मनातलं बोलायची.

मला उदगीरच्या करीम मिस्त्रीनं घडवलं. लातूर-चाकूर रस्त्यावरच्या आमच्या गावात व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून छोटा दवाखाना बांधला होता. रोग्यांच्या नातेवाइकांना टेकायला काहीतरी हवं होतं. बाभळीचं लाकूड चिवट. रंधा मारता मारता मिस्त्री घामाघूम झाला. "इथं बसणारा आधीच दुखण्यानं येडा झालेला ऱ्हातो. त्याला अजून टोचाया नको," असं म्हणत त्यानं माझ्या कडा गोल केल्या.

मी आलो आणि बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरींनी तळ दाखवला. माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, मिळेल ते पाणी प्यायची आणि हगवण-उलटीनं गळून आमच्या दारात यायची. खाटा पुरेनात. नर्सा, आया, कंपाउंडर सगळे थकून गेले. थकलेल्या माणसाच्या हातून चुका होतात. आणि चूक झाली की प्रत्येक जण ती लपवायचा, कारण सापडला की त्याची नोकरी जायची.

तेव्हा रत्नम्मा मोठी सिस्टर होती. उदगीरची, उंच, हळू बोलणारी. सगळे तिला अक्का म्हणत. एका सकाळी तिनं मला ओढून कडुलिंबाखाली नेलं आणि पाळी बदलायच्या वेळी सगळ्यांना माझ्यावर बसवलं. नर्सा बसल्या. झाडणारी बेगमबी मात्र उभीच राहिली.

"बस की," अक्का म्हणाली.

"मी खालीच बसते, अक्का."

"खाली बसलीस तर तुझं बोलणं मला ऐकू यायचं न्हाई. इथं बस."

बेगमबी माझ्या टोकाला, अंग चोरून बसली. अक्का म्हणाली, "काल कुणाचं काय चुकलं, कुणाला काय अडलं, ते इथं सांगायचं. इथं बोललेलं कुणाच्या अंगावर येणार न्हाई. माझा शब्द हाय."

नर्सा एकमेकींकडं बघू लागल्या. मग बेगमबी खाली बघत म्हणाली, "सरपण संपलं व्हतं. वॉर्डातल्या मडक्यात म्या कच्चंच पाणी ओतलं."

मला वाटलं, आता हिचं काही खरं नाही. पण अक्कानं तिला एवढंच विचारलं, "सरपण रोज किती लागतं?" दुपारपर्यंत एका व्यापाऱ्याच्या वखारीतून गाडीभर लाकडं आली. दुसऱ्या दिवशी बाकावर दोघी-तिघी बोलल्या. आठवडाभरात माझ्यावर जागा पुरेना.

त्याच उन्हाळ्यात नरसिंग नावाचा तरुण डॉक्टर आला. हुशार होता, पण आयांच्या शेजारी बसायला त्याला कमीपणा वाटायचा. तो झाडाला टेकून उभा राहायचा. एके दिवशी त्यानं एकाचं इंजेक्शन दुसऱ्यालाच दिलं. दोघांचं नाव एकच, खाटा शेजारी शेजारी. तो माणूस मरता मरता वाचला. दुसऱ्या सकाळी नरसिंग पहिल्यांदा माझ्यावर बसला. दोन्ही हातांनी त्यानं माझी कड धरून ठेवली. त्यानं सगळं सांगितलं.

अक्का म्हणाली, "एका नावाची माणसं शेजारी ठेवली, ती चूक आमची पण हाय. आजपासून वेगळी ठेवू." आणि मग सगळ्यांकडे पाहून तिनं हळूच विचारलं, "समजलं ना?"

सगळ्यांना समजलं. ती गोष्ट फाटकाबाहेर गेली नाही. बेगमबीनं डॉक्टरला पितळी पेल्यात चहा आणून दिला. तो त्यानं माझ्यावरच, तिच्या शेजारी बसून प्यायला.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सुखाची वर्षं. बाहेरगावचे लोक म्हणायचे, त्या दवाखान्यात माणसं वाचतात. नरसिंग अक्काकडूनच शिकला. आधी ऐकायचं, मग बोलायचं. चुकलेल्याला आधी पाणी द्यायचं, मग कारण विचारायचं. पुढं अक्कानंच विश्वस्तांकडं शब्द टाकला आणि नरसिंग दवाखान्याचा प्रमुख झाला.

ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला. गावाला एकदम बाळसं आलं. आमच्या विश्वस्तांचे अध्यक्ष बसलिंगप्पा कापडवाले. त्यांच्या मनात आलं की आता दवाखानाही जिल्ह्याला शोभेल असा मोठा करायचा. नवी इमारत उभी राहू लागली. लातूरहून बडे अधिकारी उद्घाटनाला येणार म्हणून घाई चालली होती. आणि नेमका पुन्हा पाऊस दडी मारून बसला. दवाखान्याचं पाणी टँकरवर आलं.

एका सकाळी बेगमबी म्हणाली, "अक्का, पाणी पुरंना झालंय. बाळंतिणीच्या खोलीतल्या कात्र्या-चिमटे उकळायला अर्धं भांडंच पाणी भेटलं. पुरते बुडलेच न्हाईत."

नरसिंग तिथंच बसला होता. "आज बघतो," तो म्हणाला.

दुपारी टँकर आला. पण बांधकामाचा मुकादम नरसिंगकडं धावत आला आणि म्हणाला, नव्या भिंतींवर पाणी मारलं नाही तर तडे जातील. नरसिंगनं टँकर तिकडं वळवला. मी झाडाखालून पाहत होतो. त्या संध्याकाळी चाकूरकडची सरजाबाई नावाची पोरगी बाळंत झाली. तिला ताप भरला. बाळ जगलं. सरजाबाई गेली.

तिचा बाप फाटकात बसून राहिला. गाव गोळा झालं. बसलिंगप्पांनी कडुलिंबाखालीच सगळ्यांना बोलावलं. सगळे माझ्यावर बसले आणि बसलिंगप्पांसाठी खुर्ची आणली.

"हे कशानं झालं?" त्यांनी विचारलं.

नरसिंग म्हणाला, "हत्यारं नीट उकळली नव्हती. बेगमबीनं आमच्यासमोर, याच बाकावर कबूल केलंय. विचारा तिला."

मित्रांनो, मी लाकूड. पण त्या वेळी कुऱ्हाडीचा घाव बसावा तसं मला झालं. बेगमबीनं वर पाहिलं. तिला राग नव्हता आला. तिला कळतच नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली. "म्या म्हणलं व्हतं."

अक्का उठली. "अर्धं सांगितलं, डॉक्टर. ती बोलली तेव्हा तुम्ही तिच्या शेजारी होता. त्या दिवशीचा टँकर कुठं गेला तेही सांगा."

नरसिंगनं बसलिंगप्पांकडं पाहिलं. बसलिंगप्पा नव्या इमारतीकडं पाहत राहिले. अक्कानं बाकीच्यांकडं पाहिलं. प्रत्येकानं नजर खाली घातली. बेगमबीला त्याच दिवशी कामावरून काढलं.

सगळे गेल्यावर नरसिंग अक्काजवळ आला. "अक्का, माझ्यावर आलं असतं तर दवाखाना बंद पडला असता. एवढी माणसं कुठं गेली असती?"

"दवाखाना चालेल," अक्का म्हणाली. "पण माझा शब्द मोडला तुम्ही. तुमच्या वेळी तो मोडला असता, तर तुम्ही आज कुठं असता?"

तिनं कमरेच्या किल्ल्या काढून माझ्यावर ठेवल्या आणि बेगमबीच्या मागोमाग फाटकाबाहेर गेली. पुढं ती उदगीरला राहिली. बेगमबी नांदेडला लेकीकडं गेली. दोघी परत कधी आल्या नाहीत.

उद्घाटन थाटात झालं. 'कर्मचारी हाच आमचा परिवार' यावर नरसिंगनं भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या माणसांनीही वाजवल्या.

तो रोज सकाळी बाकावर येऊन विचारायचा, "काही अडचण?"

"काही नाही, साहेब."

शिवगंगा नावाची नवी नर्स आली. तिला आधीचं काही ठाऊक नव्हतं. एका सकाळी ती म्हणाली, "साहेब, मला एक सांगायचं होतं..." शेजारच्या नर्सनं हळूच तिचं मनगट दाबलं. शिवगंगा थांबली.

"सांग ना," नरसिंग म्हणाला.

"काही नाही, साहेब."

त्यानं दोनदा विचारलं. आवाजात विनवणी होती. मग तो स्वतः वॉर्डात गेला आणि खाटेखाटेपाशी वाकून शोधत राहिला. त्याला काही सापडलं नाही. दुपारी एका मुलाचा सलाइन लावलेला हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा पडला. रात्री त्या हातात सलाइन शिरेबाहेर गेलं होतं; शिवगंगेला तेच सांगायचं होतं. हात वाचला, पण त्याची बोटं पुन्हा नीट वळली नाहीत.

त्या आठवड्यात मला उचलून मागच्या पडवीत टाकलं. तसं सांगणारा नरसिंगच होता. त्याला माझ्याकडं बघवत नसावं.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवा पायही नको. माझं एवढंच ऐका. उद्या तुमच्यातलं कुणी डॉक्टर होईल, कुणी मोठी सिस्टर होईल. तुमच्या हाताखाली माणसं येतील. एखादी मान खाली घालून म्हणेल, माझं चुकलं. त्या वेळी तिनं आपली भाकरी तुमच्या हातात ठेवलेली असते. ती सांभाळा. स्वतःवर वेळ आली, म्हणून ती मोडून खाऊ नका.