न ऐकता दिलेला नारळ

या, असे जवळ सरकून बसा. मागं बसलेल्या माऊलींनीही पुढं यावं, चटई मोकळीच आहे. आज एका नारळाची गोष्ट सांगतो. ती ऐकून घरी गेल्यावर लेकराच्या हाती मोबाईल देताना तुमचा हात क्षणभर थबकला, तरी माझं सांगणं देवापर्यंत पोचलं असं मी समजेन.

आमच्या वडनेर भोलजीचे कारभारीआबा तुमच्यापैकी काहींना ठाऊक असतील. सत्तरीला टेकलेला माणूस, गुडघ्यानं अधू, कानानं अलीकडं थोडा मंद. गावात दरवर्षी हरिनाम सप्ताह बसतो, सात दिवस सात महाराज कीर्तनाला येतात, आणि त्यांना नारळ देण्याचं काम बावीस वर्षं आबांकडं आहे. नारळ हाती दिला म्हणजे तारीख पक्की झाली, मग शब्द फिरवता येत नाही. म्हणून आबांचा नेमच होता. ज्याचं कीर्तन स्वतः बसून, पहिल्या नमनापासून आरतीपर्यंत ऐकलं नाही, त्याला नारळ नाही. मग तो केवढाही नामांकित असो.

एकदा असेच हिवरा आश्रमाकडच्या एका गावाला गेले होते. महाराजांनी पहिला अर्धा तास मंडप रडवला. पुढं मात्र बायकांच्या नकला आणि चावट विनोद सुरू झाले. आबांनी आरती होईपर्यंत वाट पाहिली, हात जोडले आणि पिशवीतला नारळ तसाच घरी आणला. तानुबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळीनं, त्याची चटणी वाटली. पुढं कितीतरी दिवस त्या म्हणायच्या, "आमचे मानूस महाराज आणाले गेले अन् चटनी घेऊन आले."

असा हा पारखी माणूस. आणि चूक त्याच्याच हातून झाली.

आबांची नात प्रेरणा, साडेतीन वर्षांची. तिची आई पूनम गावातच अंगणवाडी सेविका. पण लेकराला आबांचा इतका लळा, की आईच्या अंगणवाडीत ती घटकाभरही टिकत नसे. वडील भागवत शेतात. म्हणून सकाळची वेळ नातीची आणि आबांची. रोज उठल्यावर दोघं मिळून देवघरातल्या पितळी बाळकृष्णाला आंघोळ घालायचे. आबा पळीनं पाणी सोडायचे, प्रेरणा आपल्या इवल्या बोटांनी देवाची पाठ चोळायची. पुसून झालं की त्याच्या कानात काहीतरी सांगायची. काय सांगते ते आबांनी कधी विचारलं नाही. ते त्या दोघांतलं होतं.

कापूस वेचायचे दिवस होते. तानुबाईही शेतात गेलेल्या. त्या दिवशी प्रेरणा काही केल्या जेवेना. आबांनी भागवतचा जुना मोबाईल काढला. बटणांचं त्यांना फारसं कळत नसे. चित्र पाहून बोट लावायचं एवढंच. एका चित्रावर लोण्याचं मडकं घेतलेला निळा बालकृष्ण दिसला. आबांना वाटलं, देवाचंच तर आहे, यात पाहायचं काय. त्यांनी बोट लावलं, मोबाईल नातीच्या हाती दिला आणि आपण शेजारीच टाळांच्या दोऱ्या बदलत बसले.

पहिलं गाणं गोड होतं. ते संपलं आणि दुसरं आपसूक लागलं, मग तिसरं. तिसऱ्यातही तोच निळा चेहरा, तेच मोरपीस. पण मध्येच त्याचे डोळे लाल झाले, तोंड पसरत पसरत विहिरीएवढं झालं आणि तो गोकुळातल्या मुलींना एकेक करून गिळू लागला. आबांच्या मंद कानांना घंटांचा आवाज तेवढा येत होता. ते मान डोलवत होते. पोरगी रडली असती तर त्यांनी वर पाहिलं असतं. ती रडली नाही. ताटातला वरणभात तसाच राहिला.

दुसऱ्या सकाळी आबांनी हाक मारली, तर प्रेरणा देवघराच्या उंबऱ्याशीच थांबली. आबा म्हणाले, चल माय, किस्ना खोळंबला. तिनं मान हलवली.

"तो खाते," ती म्हणाली.

आबा हसले. "हाव, लोणी खाते."

"नाही. पोरी खाते."

आणि ती पळत जाऊन आईच्या लुगड्याआड लपली. त्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही, आठ दिवस ती देवघरात पाऊल टाकेना. आबांनी उचलून घेतलं तर अंग ताठ करी. बाळकृष्णावर कुणी फडकं टाकलं, तरच त्या दारावरून जाई.

मोबाईलवर किस्ना पाहिल्यापासून हे सुरू झालं, एवढं घरच्यांना उमगलं आणि बोलाचाली झाली. भागवत म्हणाला मोबाईल फोडूनच टाकतो. तानुबाईंनी आबांना सुनावलं, की पोरीवर लक्ष ठेवायचं सोडून दोऱ्या कसल्या ओवत बसलात. आबा सगळ्यांना एकच सांगत होते, मी देवाचंच लावून दिलं होतं. त्यांचं ते म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागत होतं.

पूनम मोबाईल घेऊन बसली. तिनं त्या दिवशी काय काय लागलं होतं ते शोधून काढलं आणि तो तिसरा व्हिडिओ एकटीनं शेवटपर्यंत पाहिला. मग सासऱ्यांसमोर येऊन बसली, आवाज मोठा केला आणि त्यांनाही दाखवला. आबांच्या हातातला टाळ खाली गेला. पूनमनं मोबाईल बंद केला. तिचा आवाज चढला नव्हता.

"मामाजी, या महाराजाचं कीर्तन तुम्ही नारळ देण्याआधी आयकलं होतं काय?"

आबांनी टाळ उचलून बाजूला ठेवला. त्या संध्याकाळी ते हरिपाठाला आले, पण टाळ न घेता मागं खांबाला टेकून बसले. मी विचारलं, काऊन हो, आज टाळ नाही? तर म्हणाले, "बावीस वर्सं मोठ्यायसाठी महाराज पारखले. नातीच्या वक्ती देवाचा नुसता फोटो पाह्यला. माह्याच हातानं तिले देवाचं भेव लागलं, बापा."

सकाळी ते सुनेकडं गेले आणि म्हणाले, मले शिकव. पूनमनं एक संपलं की दुसरं आपोआप लागतं ते बंद करायला शिकवलं. लहान मुलांसाठीची वेगळी सोय लावून दिली, पण सांगितलं, की हिच्यावरही डोळे मिटून विसंबू नका, आधी स्वतः पाहा. लेकरांच्या व्हिडिओंची काही चांगली वाटणारी नावं कागदावर लिहून दिली. निवड मात्र तुमची, म्हणाली.

मग आमच्या मंदिराच्या ओट्यावर एक वेगळाच देखावा सुरू झाला. आबा चष्मा लावून, कानात वायर घालून दुपारभर लेकरांचे व्हिडिओ पाहत बसलेले. येणारे जाणारे चेष्टा करायचे, आबा, कोणता पिच्चर हाय? आबा मान वर न करता म्हणायचे, नारळ द्याचा हाय, मध्ये बोलू नका.

एकेकाचा निकाल ते आम्हाला सांगत. एकात चित्रं इतक्या झपाट्यानं बदलत होती, की हा महाराज दमच घेऊ देत नाही, म्हणाले. दुसरा गोष्ट अर्धवट सोडून खेळणं विकत घ्या म्हणू लागला. तो मध्येच दक्षिणा मागते म्हणून नापास. तिसऱ्यात ससा सारखा जाड्या अस्वलाला हसत होता. त्याला तर आबांनी हातच जोडले. चार दिवसांत अकरा ऐकले, सगळे शेवटपर्यंत.

बारावा सापडला. एका बाईचे नुसते हात दिसत. ते मातीची चिमणी करत, सावकाश. चिमणी उडून कुठंतरी बसे आणि बाई विचारी, आता कुठं बसली? आणि मग ती गप्प राही. लेकराला उत्तर देता यावं एवढा वेळ गप्प. आबांनी ते तीनदा पाहिलं. माझा दंड धरून म्हणाले, "पाह्य बरं, हे बाई टाळकऱ्यासाठी जागा सोडते." चांगला कीर्तनकार अर्धी ओळ म्हणून थांबतो आणि उरलेली मंडपाकडून येते. आबांना ती खूण पटली होती.

घरी त्यांनी चटईवर मोबाईल भिंतीला टेकवून उभा केला आणि त्याच्यासमोर खराखुरा नारळ ठेवला. तानुबाई कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात निघून गेल्या. प्रेरणा दारातूनच पाहत होती. बाईनं विचारलं, चिमणी कुठं बसली? आबा मोठ्यानं म्हणाले, गाडग्यात. दुसऱ्या दिवशी म्हणाले, म्हशीवर. तिसऱ्या दिवशी दारातून बारीक आवाज आला.

"झाडावर बसली, आबा. तुम्हाले दिसत नाही काय?"

आबांनी चष्मा काढून पुसला. नाही दिसत, माय, म्हणाले, तू जवळ बसून सांग. ती आली. मांडीवर नाही, पण शेजारी.

रोज दोनच पाहायचे, तेही दोघांनी मिळून. मग मोबाईल कोनाड्यात, आणि आजोबा-नात अंगणात माती कालवायला. चिमण्या झाल्या, बैल झाला, तानुबाईंची चूल झाली. एका सकाळी प्रेरणा बराच वेळ पाठमोरी बसून काहीतरी करत होती. मग तळहातावर घेऊन आली. वेडंवाकडं बाहुलं, डोक्यात कोंबडीचं पीस.

"किस्ना केला," ती म्हणाली. "त्याचं तोंड लहान केलं. आता पोरी मावत नाही."

आबांनी नुसता हात पुढं केला. ती त्यांचं बोट धरून उंबऱ्याशी आली, थोडी थांबली, मग आत गेली. पितळी बाळकृष्णावरचं फडकं तिनंच काढलं. त्याच्या शेजारी आपला मातीचा ठेवला. मग पितळी देवाच्या कानाशी वाकली. या वेळी ती जरा मोठ्यानं बोलली, म्हणून आबांनाही ऐकू गेलं.

"तू बी याच्यासारखं राहाय."

आणि पळीसाठी आबांपुढं हात केला.

तो मातीचा किस्ना अजून तिथंच आहे. त्याला आंघोळ घालता येत नाही, नुसतं फूल वाहतात. नारळ फोडून त्याची खिरापत सगळ्या आळीला वाटली, मलाही मिळाली.

गावात हा सगळा मान कारभारीआबांना मिळतो, आणि त्यांनी कष्ट घेतले हे खरंच. पण माझं एक मागणं आहे. लेकराच्या हाती काही द्याल तेव्हा पूनमची आठवण ठेवा. घाबरलेलं लेकरू तिचं होतं, चूक सासऱ्याची होती, आणि रागावायचा हक्क तिच्याइतका कुणालाच नव्हता. तिनं आधी तो व्हिडिओ एकटीनं शेवटपर्यंत पाहिला आणि मग एका म्हाताऱ्याला त्याच्याच नेमाची आठवण करून दिली. तेवढं तिला विसरू नका.