कानसेनांचं शेवटचं चाक

बाबा गेले त्याच्या चौथ्या दिवशी गोदामातली चार माणसं चीजचं एक अख्खं चाक घेऊन दारात उभी राहिली. अडतीस किलोचं, स्टुलाच्या बैठकीएवढं, वाळल्या गवताच्या रंगाचं.

बाबांनी सारा जन्म त्या गोदामात कडक इटालियन चीजची चाकं ठोकण्यात घालवला. छोट्या हातोडीनं ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. भरीव आवाज आला की चाक पास, पोकळ आला की बाजूला. तिथं त्यांना सगळे कानसेनच म्हणत. आणि गोदामाची रीत अशी, की ठोकणारा गेला तर त्यानं शेवटचं ठोकलेलं चाक विकायचं नाही, त्याच्या घरी पोचवायचं. का, ते कुणी सांगितलं नाही. चौघांतला एकही चहाला थांबला नाही, हे मात्र लेकीच्या लक्षात राहिलं.

लेक आली होती आईला कायमचं आपल्याकडे न्यायला. आई या घरात एकटी राहणार, हे तिला पटणारं नव्हतं.

"येते की," आई म्हणाली. "हे एवढं संपू दे. ह्यांच्या हातचं आहे, माझ्यानं टाकवणार नाही."

"अगं आई, अडतीस किलो आहे!"

"मग लाग कामाला."

लेक इरेला पेटली. बटाट्यांवर किस, अंड्यांत किस, मॅकरोनीवर तर इतका की खाली मॅकरोनी शोधावी लागे. दगडासारखी सालही तिनं सोडली नाही, सूपमध्ये तास तास उकळली. इमारतीत डबेच्या डबे वाटले. तिसऱ्या आठवड्यात तर ती जिन्यात दिसली की शेजारी हळूच दार लावून घेऊ लागले.

आई मात्र रोज सकाळी बाबांची हातोडी घेऊन उरलेल्या तुकड्यावर ठोकायची. आधी तीनदा, मग जरा थांबून एकदा, अगदी बाबांसारखं. "अजून भरीव आहे," म्हणायची आणि तिचा चेहरा खुलायचा. दुःखात माणूस काय काय करतं, करू दे बापडीला, असं लेकीला वाटायचं.

आणि एका दुपारी, किसता किसता, तिच्या तळव्याखाली तुकडा वाजला. तीनदा. मग जरा थांबून एकदा.

तिनं नळ घट्ट बंद केला. फ्रिजची पिन काढली. पुन्हा तेच. मग तिनं बोटाच्या पेरानं हलकेच ठोकलं, तर आतून लगेच उत्तर आलं. किसणी हातातून निसटून फरशीवर आदळली.

आई दारातच उभी होती. "तुला आज ऐकू आलं होय? मला पहिल्या दिवसापासून येतंय."

"मी नाही किसणार आता. आपण हा तुकडा बरोबर नेऊ."

"नेऊन काय करशील? बुरशी चढेल. नीट संपव, मग मी येते."

लेकीला कळेना काय करावं. थांबावं तर आई हलणार नाही, किसावं तर हात धजत नाही. शेवटी दात आवळून ती किसत सुटली. तुकडा मुठीएवढा झाला तसे ठोके भराभर येऊ लागले. लिंबाएवढा झाला आणि बंद पडले. तिला हायसं वाटलं आणि त्याची इतकी लाज वाटली, की किसणीवर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

तो शेवटचा किस सूपमध्ये गेला. दोघी जेवल्या. लेकीला भूक नव्हती, पण आईनं "आग्रह समज" म्हणत तिला दुसऱ्यांदा वाढलं. आईनं वाडगा बोटानं निपटून घेतला, तेवढ्यात तिला ठसका लागला. लेक उठून तिच्या पाठीवर थोपटू लागली आणि तिचा हात तिथंच थबकला.

पाठीच्या आतून कुणीतरी तळव्यावर ठोकत होतं.

"आई, तुला काही होतंय का गं?"

"छे! घर सोडलं की हे इथं एकटे पडतील, एवढीच धास्ती होती मला. आता कुठंही ने." आई वळली. तिनं लेकीच्या छातीच्या हाडावर पेरानं तीनदा आणि एकदा ठोकलं, कान टेकवला आणि समाधानानं मान हलवली. "भरीव."

लेकीनं आईची बॅग गाडीत ठेवली. आईचा पट्टा लावला, स्वतःचा लावला. मग हात छातीपासून लांब, स्टिअरिंगवर घट्ट धरून तिनं रेडिओ होईल तेवढा मोठा केला.