एक्केचाळीस डिस्क

"रिकामी आहे," कार्यवाह पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. "ही तिसरी. तिन्ही रिकाम्या. शनिवारी भंगारवाला येतोय, त्याच्या पोत्यात घाला आणि कपाट मोकळं करा."

टेपताईंनी डिस्क बाहेर काढली, कडेने धरली आणि खिडकीच्या उजेडात तिरपी केली. मधल्या भोकापासून निम्म्याच्या पुढपर्यंत गडद पट्टा होता. त्याबाहेरची कड फिकट.

"साहेब, ही लिहिलेली आहे. कोरी डिस्क सगळीकडे एकाच रंगाची असते. ही बघा, इथपर्यंत लिहिलंय."

"तुम्हाला दिसतंय, कॉम्प्युटरला दिसत नाही. मी कुणाचं ऐकू?"

"शनिवारपर्यंत माझं ऐका."

अंध मुलांच्या शाळेतल्या श्राव्य ग्रंथालयात टेपताईंची एकोणतीस वर्षं गेली होती. त्या लागल्या तेव्हा सगळा कारभार कॅसेटींवर चाले, म्हणून मुलांनी त्यांना टेपताई म्हणायला सुरुवात केली. कॅसेटी गेल्या, नाव चिकटलं ते चिकटलंच. मुलांसाठी पुस्तकं वाचून द्यायला गावातली माणसं येत. बहुतेकांचा उत्साह दोन महिन्यांत ओसरे. टिकला तो एक मोजणीदार. जमीन मोजणीच्या कचेरीतला साधा माणूस. दर गुरुवारी साडेपाचला यायचा, पायपुसण्यावर बूट घासायचा, अर्धा पेला पाणी प्यायचा आणि माईकसमोर बसायचा. अशी सहा वर्षं. त्यातून या एक्केचाळीस डिस्क झाल्या. भूगोल, गोष्टी, दोन जाडजूड कादंबऱ्या.

तेव्हा रेकॉर्डिंगच्या खोलीत मॅक कॉम्प्युटर होता. पुढे खोली बदलली, सामान हलवताना कुणीतरी तो जुनाट डबा देऊन टाकला आणि त्याच्या जागी विंडोजचा कॉम्प्युटर आला. दोन वर्षांपूर्वी मोजणीदारांच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागलं. त्यांचा आवाज आता फक्त या कपाटात होता, आणि ते टेपताईंशिवाय कुणाच्या लक्षात नव्हतं.

त्यांनी भाचीला फोन लावला. ती छापखान्यात पानं जुळवायची. तिथे मॅकही होते आणि विंडोजही.

"मावशी, डिस्क धडधाकट आहेत गं. मॅकची मांडणी वेगळी असते, विंडोजला ती लिपीच येत नाही. वाचता आलं नाही की तो सरळ सांगतो, काही नाहीच म्हणून."

"आमच्या साहेबांसारखंच झालं. मग आता?"

"मॅकची डिस्क वाचणारा एक छोटा प्रोग्रॅम मिळतो, फुकट. पाठवते. पण तो चालवायला मुख्य पासवर्ड लागेल. तो कुणाकडे आहे?"

पासवर्ड कार्यवाहांकडे होता. टेपताई बुधवारी दोनदा त्यांच्या दारात जाऊन आल्या. पहिल्यांदा मीटिंग होती, दुसऱ्यांदा जेवण. गुरुवारी त्या खुर्ची घेऊनच दारात बसल्या.

"बाई, हल्ली मशीन पुस्तक वाचून दाखवतं," कार्यवाह वैतागून म्हणाले. "कशाला जिवाचा आटापिटा करताय?"

"मशीन वाचतं, साहेब. पण गोष्टीतली म्हातारी आणि गोष्टीतला चोर एकाच सुरात बोलतात. मुलं मधेच उठून जातात. तुम्ही एकदा पासवर्ड घाला. नाही उघडलं तर मी स्वतः पोतं भरून देते."

कार्यवाह उठले. पासवर्ड घालताना त्यांनी हाताचा आडोसा केला आणि टेपताईंनी मुद्दाम छताकडे पाहिलं.

प्रोग्रॅम सुरू झाला. डिस्क घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. मग पडद्यावर एकाखाली एक नावं उमटली. भूगोल एक, भूगोल दोन, थेट भूगोल बारापर्यंत. टेपताईंनी ती नेहमीच्या जागी उतरवून घेतली आणि पहिल्या नावावर टिचकी मारली. कॉम्प्युटरने विचारलं, ही फाइल कशाने उघडू?

"बघा," कार्यवाह म्हणाले.

टेपताईंनी पुन्हा फोन लावला.

"नावाच्या शेवटी टिंब देऊन काही लिहिलंय का?" भाचीने विचारलं.

"काही नाही. नुसतं भूगोल एक."

"जुन्या मॅकला शेपूट लागायचं नाही. फाइल कसली आहे ते तो वेगळं टिपून ठेवायचा. तू टिंब दे आणि पुढे ए, आय, एफ, एफ लिही. बघू लागतंय का."

टेपताईंनी एका बोटाने चार अक्षरं लिहिली. टिचकी मारली. आधी खोलीतली शांतता ऐकू आली, ती जुन्या खोलीतली, पंख्याची बारीक करकर असलेली. मग कुणीतरी घसा साफ केला.

"पाठ पहिला. दिशा आणि नकाशा."

"कपाट राहू द्या," एवढंच कार्यवाह म्हणाले आणि गेले. टेपताईंनी चष्मा पुसला आणि उरलेल्या अकरा फाइलींना शेपट्या लावायला घेतल्या.

शुक्रवारी त्यांच्या निरोपावरून मोजणीदार आले. गळ्याला पांढरा रुमाल, खिशात लिहायची वही. टेपताईंनी पहिला पाठ लावला. ते ताठ बसून ऐकत होते, हाताखालच्या माणसाचं काम तपासावं तसे. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. तिसऱ्या पाठाच्या अखेरीस मात्र त्यांनी हात वर केला. टेपताईंनी थांबवलं. त्यांनी वहीत लिहिलं.

'इथे मी "नदी पूर्वेला वळते" म्हणालो. पुस्तकात पश्चिमेला होतं. घरी गेल्यावर लक्षात आलं. पुढच्या गुरुवारी सांगायचं राहून गेलं. मोजणीदाराने दिशा चुकवायची म्हणजे काय.'

"इतकी वर्षं डोक्यात आहे हे?"

त्यांनी मान डोलावली.

"पाठासोबत चिठ्ठी जोडू? की मी त्या जागी बोलू?"

त्यांनी दोन्हींना नकार दिला. वहीवरच्या 'पश्चिमेला' या शब्दाखाली रेघ ओढली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

टेपताईंना कळलं. भूगोलाच्या पुस्तकात 'पश्चिमेला' हा शब्द काही कमी वेळा येत नाही. नवव्या पाठात सापडलं, पण त्या दिवशी मोजणीदारांना सर्दी होती. सातव्यात होतं, ते वाक्याच्या शेवटी, सूर खाली पडलेलं. चौथ्यात एक मिळालं, वाक्याच्या मधलं, मोकळं. टेपताईंनी ते उचलून तिसऱ्या पाठात बसवलं. श्वास जुळेना म्हणून केसभर मागे सरकवलं. मग दोघांनी ऐकलं.

"आणि डोंगर ओलांडल्यावर नदी पश्चिमेला वळते."

मोजणीदारांनी बोट गोल फिरवून पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा लावलं. तेवढ्या वाक्यापुरते त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी वही पुढे ओढून लिहायला घेतलं.

'उरलेल्या चाळीसांत आणखी सतरा चुका आहेत. मला सगळ्या माहीत आहेत. उद्या किती वाजता येऊ?'

"उद्या शनिवार, शाळा अर्धा दिवस," टेपताई म्हणाल्या. "दहाला या."

मोजणीदारांनी खाली 'दहा' लिहिलं, पान फाडून नीट चौघडी केली आणि वरच्या खिशात ठेवलं.