डावीकडे वाकलेली सुरी

दादाने चौदा सुऱ्या केल्या आणि चौदाही डावीकडे वाकल्या. मी मोजल्यात. कारखान्याच्या गोदामात आयुष्यभर नग मोजले, ती खोड आता जायची नाही.

निवृत्तीनंतर लोक बागेत खुरपत बसतात. माझा थोरला भाऊ, जन्मभर गणित शिकवलेला माणूस, घरामागच्या छपरीत लोहार होऊन बसला. ट्रकच्या ब्रेकच्या ड्रमची भट्टी, रुळाच्या तुकड्याची ऐरण आणि भात्याच्या जागी वहिनीचा हेअर ड्रायर. ती तीन वर्षं वहिनीचे केस उन्हातच वाळले. दर सुरीनंतर तो म्हणायचा, "ऐरण जरा कलती आहे." मी म्हणायचे, "हो तर. नाचता येईना, अंगण वाकडं." पंधरावी सुरी वहिनीसाठी आणि अगदी सरळ, असं त्याने कबूल केलं होतं. तिचं लोखंड भट्टीत जायच्या आधी तोच गेला.

महिन्याभराने वहिनीने भट्टी पेटवली. जिने कधी भिंतीत खिळा ठोकला नव्हता, ती दादाची वही उघडून बसली. वहीत सगळं ओळीने लिहिलेलं: लोखंड लाल झालं की लोहचुंबक लावून बघ, चिकटायचं थांबलं की पुरेसं तापलं, मग तेलात बुडव.

तिची पहिली सुरी डावीकडे वाकली.

"शिकाऊ माणसाची वाकडीच होते गं," मी म्हटलं.

"वाकडी होईल हो, वन्सं. पण ह्यांच्यासारखी वाकडी?"

तिने ती दादाच्या चौदाव्या सुरीवर ठेवली. दोन्हींचा बाक तंतोतंत जुळला. दुसरीचाही जुळला, तिसरीचाही. मग वहिनी छपरीत बोलायला लागली. "आज जरा बेताने मारा हं," असं. समोर कोणी नाही. चहाचे कप दोन जायचे. एक रिकामा यायचा, दुसरा साय धरून.

वहिनीची लेक दर रविवारी तिला फोन करायची, माझ्याकडे राहायला ये म्हणून. वहिनीचं उत्तर ठरलेलं: "सरळ सुरी झाली की येते. तेव्हा समजेन, हे गेले."

इकडे तिचं जेवण अर्ध्या पोळीवर आलं होतं. वहिनी त्या छपरीतच संपणार, हे मला दिसत होतं. म्हणून एका दुपारी ती झोपली असताना मी छपरीतला एकेक नग तपासला. ऐरण सपाट होती. हातोडा मात्र सपाट नव्हता. दादा डावखुरा. तीन वर्षं एकाच कडेने घाव घालून त्याने हातोड्याचं तोंड तिरकं झिजवलं होतं. त्यावर पट्टी आडवी धरली तर एका बाजूने उजेड दिसला. एवढंसं ते भूत.

हातोडा पिशवीत घालून मी वेल्डिंगवाल्याकडे नेला. "सपाट करून दे बाबा." त्याने ग्राइंडर लावला. दादाची तीन वर्षं पाच मिनिटांत ठिणग्या होऊन उडाली. मी पैसे दिले आणि निघाले. वहिनी उठायच्या आत हातोडा जागेवर होता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम छपरीत स्टूल टाकून बसले. लोखंड तापलं. वहिनीने हातोडा उचलला, तोलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. डाव्या हातात.

दोन घाव लोखंडावर, एक पोकळ टोला ऐरणीवर. पुन्हा दोन, एक. दादा असाच मारायचा. वहीत हे कुठेही लिहिलेलं नाही. मी पानन् पान बघितलंय.

"वहिनी, हात बघ कुठला."

तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. "उजव्यात बसेना आज," म्हणाली आणि मारत राहिली.

सुरी तेलातून बाहेर काढली. डावीकडे वाकलेली.

वहिनी ती कापडाने पुसत होती. वर न बघता म्हणाली, "वन्सं, हातोडा तुम्ही घासून आणलात ना?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "दादाने सांगितलं?"

वहिनी हसली. कित्येक दिवसांनी. "नाही हो. तुमची पिशवी आतून काळी झालीये."

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "अजून नाही गं," वहिनी तिला म्हणाली. एरवी मी फोन हिसकावून घेतला असता. आज बसून राहिले.

मग चहा आला. तीन कप. मी माझा प्यायले, वहिनी तिचा. तिसऱ्यावर साय धरेपर्यंत मी स्टुलावरून उठले नाही.